उल्गार्थ कोण आहे?

"उल्गार्थ कोण आहे?" नर्सने दारातून हाक मारली तशी मॅविस पर्स सावरत उठली, आणि नेमकं तेव्हाच समोरच्या बाकावरूनही कुणीतरी उठलं. घडलं ते एवढंच. डोळ्यांच्या दवाखान्यात, भर सकाळी, एका हाकेला दोन माणसं उठली. दुसरं एखादं आडनाव असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. स्मिथ म्हणून हाक मारली तर अर्धं लँकास्टर उठेल आणि हसून खाली बसेल. पण उल्गार्थ! सत्तेचाळीस वर्षांत मॅविसने हे आडनाव आई, बाबा आणि आपण स्वतः सोडून चौथ्या जिवंत माणसाला लागलेलं पाहिलं नव्हतं. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई त्या नावाशी येऊन थबकायच्या, मंडईत मालाच्या पावत्या करणारे पोरगे 'काय म्हणालात?' म्हणून कानाला हात लावायचे. आणि आता तिच्या पुढ्यात, चार पावलांवर, एक उंच, हिरव्या कोटातला म्हातारा उभा होता आणि तोही त्याच नावाला उठला होता. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे बाहुल्या विस्फारलेल्या. खिडकीतून येणारा उजेड सगळ्यावर पिठासारखा सांडला होता. त्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसेना, नुसती कड दिसत होती आणि कान दिसत होते.

"मला एक उल्गार्थ हवाय," नर्स म्हणाली. "दोन कुठून आले?"

"घ्या हो बाई, एकावर एक फुकट," म्हातारा म्हणाला. आवाज खणखणीत, सगळ्या खोलीला पुरेल असा. बाकांवरचे लोक हसले.

"एम. उल्गार्थ," नर्सने कागद डोळ्यांजवळ नेला.

"मग ह्या जाऊ देत. मी आय. आयझॅक." आणि तो तिच्याकडे वळून, जणू रोजच भेटतो अशा थाटात म्हणाला, "जा पोरी, बायकांचा मान पहिला."

मॅविसला बोलायचं होतं. कुठले तुम्ही, कोण तुम्ही, जाऊ नका, देवाशप्पथ जाऊ नका. पण नर्स दार धरून उभी होती. ती नर्सच्या मागून निमूट आत गेली आणि दार लागलं.

डॉक्टरने तिची हनुवटी त्या यंत्राच्या कडीवर टेकवली, कपाळ पट्टीला लावायला सांगितलं आणि उजेडाची एक बारीक पट्टी थेट डोळ्यात सोडली. लोकरीचा तंतू रुतलाय, म्हणाला, दुकानात काम करता का लोकरीच्या? हो, मंडईत, लोकर, बटणं, सुया, टाचण्या. हलू नका. ती हलत नव्हती, पण आतून सगळी हललेली होती. तो बाहेर बसलाय. तो बाहेर बसलाय आणि माझं व्हायच्या आत त्याला दुसऱ्या खोलीत बोलावतील आणि तो मागच्या दाराने निघून जाईल. त्या पांढऱ्या उजेडात तिला आपल्याच डोळ्यातल्या शिरा दिसायला लागल्या, तांबूस, फाटे फुटलेल्या, जशा नकाशावर नद्या. आणि मग अर्थातच नकाशा आला. बाबांचा नकाशा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या उजव्या हाताला, कापडावर चिकटवलेला अख्ख्या देशाचा नकाशा, तिला आठवतं तेव्हापासून तिथेच. अ‍ॅम्ब्रोज उल्गार्थ यांनी उभा जन्म जमिनीवर अंथरायचं लिनोलियम बनवणाऱ्या कारखान्यात काढला आणि उरलेला सगळा जन्म त्या नकाशावर. जिथे जिथे उल्गार्थ नावाचं माणूस होऊन गेलं तिथे काळी टाचणी. जिथे जिवंत आहे तिथे लाल. चर्चच्या दफनभूमीतल्या फरशा खरवडून, ग्रंथालयात बसून देशभरच्या टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या पालथ्या घालून, रविवारचा दिवस सत्कारणी लावून ते टाचण्या टोचत. केंडलच्या पलीकडे, डोंगरात, एका खोऱ्याच्या टोकाशी काळ्या टाचण्यांचा गच्च घोळका होता. उल्गार्थ नावाचं शेत तिथलं. आता दोन पडक्या भिंती आणि एक झाड उरलंय. तिथून टाचण्या रस्त्यानं खाली उतरत आल्या होत्या, केंडलला चार, लँकास्टरला सहा, गिरण्यांच्या गावांतून एकेक, बॅरोच्या गोदीत दोन. प्रत्येक टाचणीपासून त्या शेतापर्यंत लोकरीचा पांढरा धागा. बापाचा बाप, त्याचा बाप. शेवटी एकच बाप, हे बाबांचं म्हणणं. नऊशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या जहाजातून उतरलेला कुणी उल्फ, त्यानं डोंगरात कुंपण घातलं, आणि त्या कुंपणातून आपण सगळे निघालो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. बाबा दोन्ही शोधायला सँडविच घेऊन निघायचे आणि एकदा येताना त्या शेतातला एक दगड घेऊन आले होते, तो अजून दाराला टेकण म्हणून आहे.

लाल टाचणी मात्र नकाशावर एकच होती. लँकास्टर. बाबांची. आई असेपर्यंत दोन होत्या, म्हणजे आई उल्गार्थ लग्नाने, पण बाबांनी तिला मोठ्या मनाने एक दिली होती. मॅविसची नव्हती. नऊ वर्षांची असताना तिने स्टुलावर चढून विचारलं होतं, बाबा, माझी कुठाय? आणि बाबांनी अगदी मायेनं, रागाचा लवलेश नसताना, तिच्या केसांवरून हात फिरवत सांगितलं होतं, "तुझी नसते गं पोरी. ही रक्ताची असते." दीड वर्षांची असताना तिला घरी आणली होती, हे तिला कुणी लपवून ठेवलं नव्हतं. वाढदिवसाला केक असायचा, तापात बाबा रात्र रात्र उशाशी बसायचे, तिचे बूट ते स्वतः चमकवायचे. सगळं होतं. टाचणी नव्हती. नकाशाच्या उजव्या कडेला, पार समुद्रावर, व्हिटबीला दोन काळ्या टाचण्या होत्या, आणि एक खाली लिंकनजवळ, ज्यांचा धागा बाबांना कधी जुळवता आला नाही. बाबा त्यांना पोरक्या म्हणायचे. "ह्या पोरक्यांचं काय करावं कळत नाही," म्हणत चरफडायचे. मॅविसचा जीव त्या पोरक्यांवर होता. शाळेतून आल्यावर ती पहिल्यांदा व्हिटबीला बोट लावून बघायची, आहे ना म्हणून. पुढे मंडईत स्टॉल टाकल्यावर बाबांना लागतील तेवढ्या टाचण्या तीच आणून द्यायला लागली. काळ्यांच्या डब्या किती गेल्या याचा हिशेब नाही. लाल डबी आईच्या वेळी आणलेली, संपायचं कारणच नव्हतं. आणि मंडईवाल्या बायका कोटाच्या कॉलरखाली अडीनडीला दोन-चार टाचण्या खोचून ठेवतात तशी तीही ठेवायची, त्यात एक लाल असायची. का, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर फार सोपं होतं, म्हणून नाही विचारलं.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "निघाला तंतू. संध्याकाळपर्यंत अंधूक दिसेल. रस्ता सांभाळून ओलांडा."

ती बाहेर धावलीच. बाक रिकामा! पण बाकाखाली एक कापडी पिशवी होती, हिरव्या कोटाच्या माणसाचीच असणार. ती त्या पिशवीशेजारी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली.

"तुमचं झालं ना? मग जा की घरी," नर्स म्हणाली.

"मी त्यांच्यासाठी थांबलेय. मिस्टर उल्गार्थांसाठी."

"नातेवाईक का?"

काय सांगावं? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर जिवावर येतंय. "बघू आता," मॅविस म्हणाली. नर्सने तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं आणि ती गेली.

आयझॅक उल्गार्थ आला तो डोळे चोळत, भिंतीला धरत. त्यालाही थेंब घातले होते. दोघं एकमेकांपुढे उभे राहिले आणि दोघांनाही धड काही दिसत नव्हतं. "पिशवी राखलीस होय! शाबास. आत कोळंबी आहे, मोरकॅमची, घरमालकिणीच्या बहिणीला द्यायची होती, पण मरू दे तिला." मग त्याने मान तिरकी केली. "तू खरंच उल्गार्थ?"

"खरंच. आणि तुम्ही डिरेक्टरीत कसे नाहीत?" तिने एकदम विचारलं. इतक्या वर्षांचा प्रश्न होता तो, बाबांच्या वतीने विचारलेला. "फोनच्या डिरेक्टरीत? मतदारांच्या यादीत? कुठेच कसे नाहीत?"

तो गडगडून हसला. आयुष्यभर तो मोरकॅमच्या समुद्रकाठी हौजीचे, म्हणजे तंबोल्याचे, आकडे पुकारत होता. रंगीत जाकीट, लाल बो-टाय, आणि नाव डँडी डॅन. राहायला भाड्याच्या खोल्या, फोन घरमालकिणीचा, मत कधी दिलं नाही, कारण गाढवांच्या शर्यतीत पैसे लावायचे नसतात असं त्याचं तत्त्व. "तीस वर्षांत मला कुणी उल्गार्थ म्हणून हाक मारली नाही गं. आज नर्सबाईने मारली, तर मीच दचकलो. क्षणभर वाटलं, हा कोण?"

म्हणजे लँकास्टरपासून हाकेच्या अंतरावर! बाबा देशभरच्या डिरेक्टऱ्या चाळत राहिले, एडिंबरापासून डोव्हरपर्यंत, आणि हा इथे, बसने पोचता येईल अशा ठिकाणी, लोकांना आकडे ओरडून सांगत होता. काखेत कळसा! तिला हसू आवरेना. "माझ्या घरी चला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. माझे वडील एक्याऐंशीचे आहेत. त्यांना उभ्या जन्मात एक जिवंत उल्गार्थ भेटायचाय. एकच. आणि त्यांची तब्येत आता तशी नाही." त्याने बसची वेळ, घरमालकीण, कोळंबी असं काही काढून पाहिलं. तिने त्याची पिशवीच उचलली आणि चालायला लागली. जन्मात कुणाच्या हातातून तिने काही हिसकावून घेतलं नव्हतं. आज घेतलं, आणि फार बरं वाटलं.

बसमध्ये ती त्याच्या शेजारी बसली आणि सगळं लखलखत होतं. टेकडीवरचा किल्ला, खाली लून नदी, समोरच्या बाईच्या टोपीतली पिन, सगळ्याला पांढरी झालर. आनंदाने तिच्या पायाची बोटं बुटात वळवळत होती. बाबा काय म्हणतील! बाबा उठून उभे राहतील, काठीशिवाय उभे राहतील. लाल डबी काढतील, मोरकॅमला टाचणी लावतील, धागा ओढतील. ती त्याच्या कानाकडे बघत होती, अंधूक दिसलं तरी कळत होतं, मोठे, किंचित पुढे आलेले, बाबांचे कान. हे कान तिला कधीच मिळाले नाहीत. आणि मग त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी खडा लागावा तसं लागलं. आपण काय करतोय? खरा माणूस घरी नेतोय. रक्ताचा. तासाभरात ह्या माणसाला ते मिळेल, जे आपण स्टुलावर चढून मागितलं होतं. हा मोरकॅमला हौजी पुकारत होता तेव्हा बाबांची औषधं कुणी आणली, आईचे पाय कुणी चेपले, नकाशावरची धूळ दर शनिवारी कोण पुसतं? आणि टाचणी ह्याला! तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली आणि तरी राग काही जाईना. राग जाईना आणि तरी आनंदही जाईना. तिन्ही एकाच बसमध्ये बसून टेकडी चढत होते.

"मघापासून बघतोय," आयझॅक म्हणाला आणि तिच्या तोंडाजवळ तोंड आणून निरखायला लागला, "तुझं नाक. माझ्या आत्याचं नाक! उल्गार्थांचं नाक, अस्सल. कुठेही ओळखीन."

थेंबांनी आंधळा झालेला माणूस नाक ओळखत होता. मॅविसने खरं सांगायला तोंड उघडलं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं नाक कुणाचं तरी आहे म्हणालं होतं. ती आपल्या नाकाला हळूच बोट लावून उतरायचा थांबा येईपर्यंत बसून राहिली.

अ‍ॅम्ब्रोज खिडकीपाशी, मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते. "बाबा," ती दारातूनच ओरडली, दगडाला ठेचकाळत, "बाबा, हे आयझॅक. आयझॅक उल्गार्थ." म्हाताऱ्यांनी मान वळवली. मग ते उठले. खरंच, काठीशिवाय. "कुठल्या बाजूचे?" ते म्हणाले, रामराम नाही, बसा नाही, काही नाही. "केंडलच्या? बॅरोच्या? तुमचा आजा कोण?"

"आधी चहा तर विचार," आयझॅक म्हणाला, आणि दोघे हसत सुटले. हात हातात घेऊन, वर-खाली हलवत, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले. मॅविसने चहा टाकला. बटाटा-कांद्याचं मोठं पॅटिस भट्टीत गरम केलं, कोळंबीचा डबा फोडला. पाठीमागे दोघांचं चाललं होतं, मोरकॅम, हौजी, डँडी डॅन, अरे देवा, त्या हॉलवरून मी कितीदा गेलोय! बाबांचा आवाज तरुण झाला होता. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं होतं. एक उल्गार्थ मागितला आणि वर कोळंबी मिळाली.

मग नकाशा आला. येणारच होता. बाबांनी आयझॅकला हाताला धरून भिंतीशी नेलं आणि टाचणी-टाचणी समजावून दिली. उल्फ, जहाज, कुंपण, धागे. "तू माझा चुलतभाऊ असणार, तिसरा किंवा चौथा. तुझी टाचणी आज लागणार." त्यांनी लाल डबी उघडली. आत एकच टाचणी होती, आईची, दफन झाल्यावर काढून परत ठेवलेली. बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. "एक पुरे," बाबा म्हणाले.

आयझॅक नाक नकाशाला लावून बघत होता. "ही लाल तुझी?"

"माझी."

"आणि पोरीची?"

किटली शिट्टी मारायला लागली होती, पण मॅविस जागची हलली नाही. बाबा डबीचं झाकण लावत होते, उघडत होते. आता हे काहीतरी बोलतील आणि ते फार प्रेमळ असेल, आणि ते ऐकायचं तिच्या जिवावर आलं.

"मी दत्तक आहे," तीच म्हणाली. "बसमध्ये सांगायला हवं होतं. नाक माझं नाही, म्हणजे आहे माझंच, पण उल्गार्थांचं नाही. ह्या टाचण्या रक्ताच्या आहेत."

"रक्ताच्या?" आयझॅक मागे वळला. "कोण म्हणतं?" आणि त्याला एकदम हसू फुटलं, तेही असं की टेबलाला धरावं लागलं. "अरे, मग माझीही ठेव डबीत परत! माझा आजा बर्केट होता रे. जॉन बर्केट, कोनिस्टनकडचा."

बाबांच्या हातात टाचणी तशीच राहिली. "बर्केट कसा असेल?"

"बापाने मला शंभरदा सांगितलेली गोष्ट आहे. आज्याने ते शेत खंडाने घेतलं. शेताबरोबर मेंढरंही आली, तिकडे तसंच असतं, मेंढरं डोंगराची असतात. त्यांना त्या उताराची सवय, विकली तरी परत येतात, म्हणून जुनं कूळ सोडून जातं तेव्हा मेंढरं तिथेच ठेवून जातं. नवा येतो त्याने ती सांभाळायची, त्याच खुणेची, डाव्या खांद्यावर तांबडा पट्टा, कान कातरलेला. आणि शरद ऋतूत धनगरांचा मेळा भरतो, दारूच्या गुत्त्यामागच्या अंगणात, चुकलेली मेंढरं परत द्यायला. तिथला म्हातारा मेंढराचा कान बघून हाक मारतो. माणसाचं नाव नाही घेत, शेताचं घेतो. 'उल्गार्थ कोण आहे?' मग जो उठेल तो उल्गार्थ. माझा आजा पहिल्या वर्षी उठला नाही म्हणे, लाजला. त्याचं मेंढरू संध्याकाळपर्यंत अंगणात ओरडत राहिलं. दुसऱ्या वर्षी उठला. मग दरवर्षी उठत गेला आणि पोरं झाल्यावर चर्चमध्ये तेच नाव सांगून आला. बर्केट कुणाला आठवतो!"

"आणि त्याच्या आधीचा?" बाबांचा आवाज कसनुसा आला.

"तोही तसलाच. त्याच्या आधीचाही. बाप म्हणायचा, तीन-चार घराणी आली-गेली. मेंढरं मात्र तीच."

बाबा खाली बसले. मॅविसला धावत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी टाळ्या पिटत नाचत होतं, आणि त्या नाचणाऱ्याचं तोंड दाबावं कसं ते कळत नव्हतं. मेला उल्फ. बुडालं जहाज. त्या भिंतीवरच्या सगळ्या गच्च घोळक्यात कुणी कुणाचं नव्हतं! आणि बाबांचा हा एवढासा झालेला चेहरा. हे सगळं आपणच ओढून घरी आणलं, पिशवीसकट. बाबांच्या सगळ्या रविवारांवर पाणी फिरवायला आणलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, सोडा हो. म्हातारपणाच्या गप्पा असतात. खरं असेलच असं नाही." आयझॅकही वरमला होता, पॅटिसचा तुकडा काट्याने उगाच टोचत होता. "मी आपलं बोलून गेलो, अ‍ॅम्ब्रोज."

"व्हिटबी," बाबा म्हणाले.

"काय?"

"व्हिटबी!" ते उठायला लागले. मॅविसने हात दिला तो त्यांनी झटकला. "अगं, व्हिटबी! लिंकन! पोरक्या!" ते नकाशापाशी पोचलेसुद्धा. "जुनं कूळ मेंढरं ठेवून जातं, पण नाव घेऊन जातं. हाक लागलेली असते ना त्याला! तो गेला समुद्रावर, व्हिटबीला. त्याच्या आधीचा लिंकनला. म्हणून धागा जुळत नव्हता. मी रक्त शोधत होतो, आणि धागा होता शेताचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी गाढवासारखा रक्त शोधतोय! मॅविस, लोकर आण. निळी. हिरवी. तुझ्या दुकानात जे रंग असतील ते आण, प्रत्येक कुळाला एक रंग."

आणि तिने घरी ठेवलेल्या दुकानाच्या पिशवीतली लोकर ओट्यावर उपडी केली. बाबांनी दातांनी निळा धागा तोडला, व्हिटबीच्या टाचणीला गुंडाळला आणि सबंध देशावरून, नद्या, डोंगर, गावं ओलांडत, तो ताणत ताणत शेतापर्यंत नेला. आयझॅक आकडे पुकारल्यासारखा गावांची नावं ओरडत होता. भट्टीत राहिलेलं पॅटिस करपलं तरी कुणाला पर्वा नव्हती. मॅविस धागे कापून देत होती, हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थेंबांमुळे होतं तसं," आयझॅक म्हणाला.

"हो, थेंबांमुळेच."

शेवटी बाबांनी ती एकुलती लाल टाचणी मोरकॅमला लावली. समारंभाने, थोडं मागे सरून. मग मागे न बघता म्हणाले, "तुम्ही दोघं भेटलात कसे, ते सांगितलंच नाही."

"दवाखान्यात," आयझॅक म्हणाला. "नर्सने हाक मारली, उल्गार्थ कोण आहे म्हणून. मी विचार करतोय, हा कोण? तेवढ्यात ही उठली."

बाबा वळले. "तुझ्या आधी?"

"माझ्या आधी. मला तर हिला बघून आठवलं की आपणही उठायला हवं."

चहा कधीच गार झाला होता. बाबा मॅविसकडे बघत होते आणि तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, नुसती कड दिसत होती, आणि कान. त्यांनी लाल डबी उघडली, पालथी केली, तळव्यावर आपटली. रिकामी. ते खणात शोधायला लागले, मग खिडकीच्या फळीवर, मग आईच्या शिवणाच्या टोपलीत. काळ्या टाचण्या निघत होत्या, मुठी मुठी काळ्या. "एवढा पसारा घरात," ते पुटपुटत होते, "आणि हवी तेव्हा एक मिळेल तर!"

मॅविसने कोटाची कॉलर उलटी केली.

टाचणी त्यांच्या हातात देताना तिला वाटलं होतं आपण काही बोलणार नाही. पण ती बोलली. "फार उशीर केलात, बाबा."

"केला," ते म्हणाले. "स्टुलावर चढली होतीस. मला आठवतंय."

लँकास्टरपाशी जागा उरली नव्हती. सहा काळ्या, त्यांची स्वतःची लाल, आणि सगळ्यांचे धागे. त्यांचं बोट दोनदा घसरलं. मग त्यांनी आपलीच टाचणी उपटली, जरा बाजूला लावली आणि मोकळ्या झालेल्या त्या छिद्रात मॅविसची बसवली.

"हिला कुठला रंग?" आयझॅकने विचारलं. त्याने कात्री तयार ठेवली होती.

"थांब, तिला निवडू दे," बाबा म्हणाले.